ट्रंकेतलं बोइंग: आर्वी ते बिरसी

सोमवार: आर्वी, तळेगाव, कारंजा

पुतण्याच्या बोलेरोत मागची सीट काढून ट्रंक ठेवली. तिच्यात काय आहे ते आधीच सांगून टाकतो. युरोपातल्या संग्रहालयांत उभ्या असलेल्या जुन्या प्रवासी जेट विमानांचे मोठे करून घेतलेले फोटो, एक प्रोजेक्टर, मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेली विमानाच्या खिडकीची काच, रिव्हेट मारून जोडलेल्या पत्र्याचा तुकडा आणि दोन सीटबेल्ट. माझी नोकरी मुंबईत विमानांच्या पत्राकामात गेली. मुलगी जर्मनीत असते. निवृत्तीनंतर तिच्याकडे गेलो की जिथं म्हणून म्हातारी विमानं ठेवली आहेत तिथं जावयाला सोबत घेऊन हिंडायचं, हा माझा उद्योग. जावई बिचारे वैतागले असतील, पण बोलले नाहीत. ते फोटो घरी पडून होते. ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "आमच्या पोरांना दाखवता का?" त्यातून हा दौरा निघाला. वाटेतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, आणि सोय होईल तिथं मुक्काम.

आर्वीहून तळेगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणी चालू होती. पुढं कारंजाकडे संत्र्याचे बगीचे लागतात. पहिली शाळा अशाच बगीच्यांमधल्या गावातली. वर्गात अंधार करायला खिडक्यांना खताची रिकामी पोती लावली आणि पडद्यावर कॉमेट आलं, इंग्लंडात बनलेलं जुनं प्रवासी जेट.

सुरुवात कॉमेटनंच करायची हे ठरलेलं होतं. जगातली पहिली जेट प्रवासी सेवा त्याचीच, २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गकडे निघालेली. बरोबर वर्षानं, २ मे १९५३ ला, कलकत्त्याहून उडालेलं एक कॉमेट वादळात सापडून पडलं. पण खरा घोर १९५४ चा. जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरं, अशी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर, चांगल्या हवेत, आकाशातच फुटली. का फुटली ते कळेना. मग इंग्लंडात फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवलं. आत पाण्याचा दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. विमान वर गेलं की आतल्या हवेच्या दाबानं फुगतं, खाली आलं की पूर्ववत होतं, त्याची ही नक्कल. प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतली धरून साधारण ३,००० फेऱ्यांनंतर पत्रा फाटला, खिडकीच्या कोपऱ्यापासून. भोकाला कोपरा असला की सगळा ताण तिथं गोळा होतो आणि पत्रा थकतो.

"पत्रा थकते?" पहिल्या ओळीतला एक पोरगा खुसुखुसू हसला. त्याला पुढं बोलावलं, तेलाच्या डब्याची कापलेली पट्टी हातात दिली आणि म्हटलं, वाकव. वाकवली. सरळ कर. केली. सगळा वर्ग मोजायला लागला. पट्टी तुटली तेव्हा तो तिच्या दोन तुकड्यांकडे पाहतच राहिला. मग खिडकीची काच फिरवली. काच म्हणायची, पण ती असते ॲक्रिलिकची. म्हटलं, हिच्यावर हात फिरवून कोपरा शोधा. कोणाला सापडला नाही. आज आपण ज्या गोलसर खिडकीतून ढग पाहतो ती अशी का, हे त्या पोरांना आता ठाऊक आहे. चौकोनी खिडक्यांच्या कॉमेटचं धड आज जगात एकच उरलंय, लंडनच्या उत्तरेला, ते बनवणाऱ्या डी हॅविलँड कंपनीच्या नावाच्या संग्रहालयात. त्याला पंख नाहीत.

"हे इमान आता उडते का जी?"

"नाही."

"मंग ठेवलं काहून?"

पुढं प्रत्येक शाळेत हा प्रश्न आला. मी तिथं उत्तर दिलं की ते कसं चुकलं हे पाहता यावं म्हणून. विचारणाऱ्या पोरीला काही पटल्यासारखं दिसलं नाही. शाळेच्या खिचडीनंतर एका संत्रा बागायतदाराकडे मुक्काम. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर.

मंगळवार: सेवाग्राम

दिवस तसा रिकामाच गेला. ठरलेली शाळा तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांना गेली होती. पुतण्या वर्ध्याला गोरसपाक घ्यायला गेला आणि मी सेवाग्रामला जाऊन बसलो.

गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले. बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूची. मातीच्या भिंती पावसापाण्यानं झिजतात, त्यांना पुन्हा लिपतात. आज आपण जिला हात लावतो ती माती काही तेव्हाची नव्हे, तरी कुटी तीच, असं सगळे मानतात आणि मीही मानतो. विमानाचं तसंच असावं असं मला पत्राकामवाला म्हणून वाटतं. रंग पुन्हा द्यावा, सडलेला पत्रा कापून नवा बसवावा. काही संग्रहालयवाले मात्र मूळ पत्रा, मूळ रंग यावर हटून बसतात. त्यांचं म्हणणं इमारतीच्या आतल्या विमानाला ठीक आहे. उघड्यावरच्या विमानाला ते परवडत नाही.

आणि एकदा संग्रहालयात गेलं की विमान वाचलं, असंही नाही. इंग्लंडात कॉसफर्डला हवाई दलाच्या संग्रहालयात ब्रिटिश एअरवेजची जुनी प्रवासी विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर उभी होती. २००६ मध्ये त्यांतली काही तोडली. बोइंग ७०७ गेलं, व्हीसी१० गेलं. ७०७ चं नाक स्कॉटलंडच्या संग्रहालयात पोचलं, व्हीसी१० चा पुढचा भाग ब्रुकलँड्सला. ज्यांच्या हाती जतनाचं काम, त्यांनीच करवत लावली. खर्चाचं गणित पाहिलं तर त्यांना दोष देता येत नाही, पण मला आजही राग येतो.

संध्याकाळी सेलू, बुटीबोरीवरून नागपूरकडे निघालो.

बुधवार: विमानतळाच्या कुंपणालगत

नागपूर शहरात शिरायचंच नव्हतं. विमानतळाला लागून जी जुनी गावं आहेत, ज्यांची बरीच शेती मिहान या विमानतळालगतच्या मोठ्या प्रकल्पात गेली, त्यांतल्या एका गावाची शाळा होती. इथली पोरं मला शिकवणारी निघाली. मी फोटो लावायच्या आत वरून आवाज गेला आणि तिघं-चौघं न बघताच म्हणाली, "एटीआर." पंख्याच्या विमानाचा आवाज वेगळा, हे त्यांना कानानं माहीत. मिहानमध्ये बोइंगच्या विमानांच्या दुरुस्तीची मोठी हँगरं आहेत, हेही त्यांना माहीत. तिथं पोटं भरायला कोणाकोणाचे बाप जातात, तेही.

त्यांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती, आणि ती त्यांच्या आजांना ठाऊक होती. शाळेच्या ओट्यावर म्हातारी मंडळी जमली होती. मी पडद्यावर बोइंग ७२० लावलं आणि मागून आवाज आला, "हे तं आपलं इमान!"

हो, तेच. १९९१ मध्ये एक बोइंग ७२० नागपुरात उतरलं आणि पुन्हा उडालं नाही. त्याला न्यायला कोणी आलं नाही. वर्षं गेली, विमानतळाचं नाव बदललं, नवी इमारत झाली, आणि ते आपलं धावपट्टीच्या बाजूला उभंच. नागपुरात उतरताना खिडकीतून दिसायचं. शेवटी २०१५ मध्ये त्याला ओढून धावपट्टीपासून दूर नेलं.

७२० म्हणजे ७०७ चा आखूड भाऊ. कमी लांबीच्या धावपट्ट्यांसाठी आणि मधल्या पल्ल्यासाठी काढलेला. १९५९ मध्ये पहिल्यांदा उडाला आणि एकूण १५४ च बनले. लांबी साडेएकेचाळीस मीटर, पंख टोकापासून टोकापर्यंत जवळपास ४० मीटर. ज्या मूळ नमुन्यावरून हे सगळं घराणं निघालं ते डॅश ८० विमान १५ जुलै १९५४ ला उडालं. पुढच्या वर्षी सिएटलच्या तळ्यावर, हजारो लोकांसमोर, टेक्स जॉन्स्टन या वैमानिकानं ते आकाशात पूर्ण गोल फिरवलं. आज ते वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या हँगरमध्ये छपराखाली आहे, पिवळ्या-तपकिरी रंगात, चकचकीत.

एक आजोबा पूर्वी विमानतळाच्या आवारात गवत कापायला जायचे. ते म्हणाले, "त्याच्या पंखाखाली आमी डबे खाल्ले जी. उन्हाळ्यात तेवढीच सावली होती." मी विचारलं, टायर कसे होते? "बसले होते. आन् वरतं पाखरं." मग मी पोरांना आमच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. आधी रबर जातं, म्हणजे टायर आणि दारांच्या पट्ट्या. सांध्यांत भरलेला मसाला तडकतो. मग पावसाळा येतो, पाणी आत शिरतं आणि पोटाच्या तळाशी साचतं. तिथं ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी सुटते आणि पत्रा पापुद्रे धरतो. पाखरांची विष्ठा हे वरून. उभं विमान चालत्या विमानापेक्षा लवकर मरतं, हे खेड्यात कोणाला पटवावं लागत नाही. प्रत्येकाच्या अंगणात एखादी उभी गाडी असते.

याच जातीच्या विमानांचं दुसरीकडे काय झालं ते पाहा. कराचीत पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीचं एक ७२० तारांगणाच्या आवारात ठेवलंय, पोरं आत चढतात. कॅनडात इंजिनांच्या चाचणीसाठी वापरलेलं, जगातलं शेवटचं उडतं ७२०, मे २०१२ मध्ये स्वतःच्या बळावर उडत ट्रेंटनच्या संग्रहालयाकडे गेलं. आणि टाकून दिलेलं विमान परत आणता येत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला 'लान्ड्सहूट' सांगावं. लुफ्थान्सा या जर्मन कंपनीचं ७३७, १९७७ मध्ये त्याचं अपहरण झालं, मोगादिशूत सुटका झाली. पुढं ते मालक बदलत बदलत ब्राझीलच्या फोर्तालेझा विमानतळावर बेवारस पडलं. २०१७ मध्ये जर्मन सरकारनं ते विकत घेऊन, सुटं करून, मालवाहू विमानांतून घरी नेलं. चाळीस वर्षांपूर्वीची आठवण त्यांना तेवढी मोलाची वाटली.

आपल्याला जतन जमत नाही, असं नाही. याच नागपुरात मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ पासून. इंजिनं रंगवलेली, पाट्या लावलेल्या, पोरं चढतात-उतरतात. विमानांतही हवाई दलाचं पालमला आहे, नौदलाचं गोव्याला, आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर नौदलाचं टेहळणी विमान टीयू-१४२ आहे. ही सगळी गणवेशातली विमानं. ज्या विमानांतून आपल्या लोकांनी पहिल्यांदा दुबई पाहिली, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिका गाठली, त्यांची किंमत भंगारवाला ठरवतो. एअर इंडियाची ७०७ हिमालयातल्या शिखरांच्या नावांची होती. त्यातलं 'कांचनजुंगा' २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर आदळलं, होमी भाभा त्यातच गेले. त्या घराण्याचं एखादं विमान पोरांना हात लावून पाहता आलं असतं, तर मला आज पडदा लावावा लागला नसता. एअर इंडियाच्या उरलेल्या ७४७ पैकी 'आग्रा' एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून अमेरिकेला गेलं. उडताना पंख हलवून निरोप दिला, लोकांनी व्हिडिओ काढले. पुढं त्याचे सुटे भाग विकायचे, हा व्यवहार.

आणि नागपूरला तर सांगायला केवढं आहे! १९४९ पासून रात्रीची टपाल विमानसेवा इथंच जुळायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांहून डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत चौघं आपापल्या घरी. पोरांना हे फार आवडलं. चार पोरांना चार शहरं केलं आणि दप्तरांची अदलाबदल करायला लावली. मद्रासचं दप्तर हरवलं. शेवटी ते मुलींच्या बाकाखाली सापडलं.

गुरुवार: भिवापूरवरून पवनी

वाटेत भिवापूरला मिरची पाहिली, घेतली, खोकलो. पवनीला पोचलो तर वीज नाही आणि येण्याची आशाही नाही. प्रोजेक्टर ट्रंकेतच राहिला. शाळेच्या अंगणात दोरी बांधून फोटो चिमट्यांनी टांगले. खरं सांगायचं तर हे जास्त बरं झालं. पडद्यावरचं चित्र पोरं बघतात आणि सोडून देतात. टांगलेल्या फोटोला बोट लावतात, नाक लावतात.

गर्दी झाली ती झिन्सहाइमच्या फोटोपुढं. जर्मनीतल्या त्या संग्रहालयाच्या छपरावर आवाजापेक्षा वेगानं उडणारी दोन प्रवासी विमानं, काँकॉर्ड आणि रशियाचं टीयू-१४४, शेजारी शेजारी आहेत, नाकं वर करून. दोघं एका जागी बघायला मिळतात ती हीच जागा. टीयू आधी उडालं, ३१ डिसेंबर १९६८ ला. काँकॉर्ड दोन महिन्यांनी. पण प्रवासी घेऊन टीयू मॉस्को ते कझाकस्तानातलं अल्मा-आता असं सात-आठ महिनेच गेलं, फेऱ्या अवघ्या ५५. काँकॉर्ड १९७६ ते २००३ चाललं. आतून चढत जाताना कळतं की काँकॉर्ड किती चिंचोळं. डोकं जपावं लागतं, आणि खिडकी तळहाताएवढी. आवाजाच्या दुप्पट वेगात हवेच्या घर्षणानं त्याचं धड तापून वीसेक सेंटिमीटर लांब व्हायचं. चालकाच्या खोलीत यंत्रांच्या फळीशी एक फट उघडायची. शेवटच्या उड्डाणात फ्लाइट इंजिनिअरनं त्या फटीत टोपी सरकवली, विमान थंड झालं, फट मिटली. सिएटलच्या काँकॉर्डमध्ये ती टोपी अडकली. बाहेरचा भाग पुढं कोणीतरी कापला, आतला तुकडा अजून तिथंच आहे.

"आता काढता नाही येत?" एका मुलीनं विचारलं.

"पुन्हा तेवढ्या वेगानं उडवलं तर निघेल."

"म्हणजे नाहीच."

वीस काँकॉर्ड बनली, त्यांतली अठरा आजही आहेत. एवढं भाग्य दुसऱ्या कुठल्या प्रवासी जेटला मिळालं नाही. कारण ती होती मोजकी आणि मिरवायची. पण ज्यांनी खरी माणसं वाहिली त्या ७३७ आणि ए३२० ना कोण विचारतं? आपल्या इंडियन एअरलाइन्सनं १९६४ मध्ये कॅराव्हेल आणलं, १९७६ मध्ये एअरबसचं ए३००. एक ए३०० तुलूझच्या एरोस्कोपियात काँकॉर्डच्या शेजारी, छपराखाली ठेवलेलं आहे. तिथं मी काँकॉर्ड सोडून त्याच्याखालीच रेंगाळलो. तसल्याच पोटांचे पत्रे मी मुंबईत हातानं बसवलेले.

वैनगंगेच्या काठावर मासे मिळाले. बाकी दिवस प्रवासात.

शुक्रवार: तिरोडा, गोंदिया, बिरसी

तिरोड्यापासून धानाचा मुलूख. कापून झालेल्या बांध्या आणि राइस मिलांची धूळ. गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधली. आता तिथं वैमानिक घडवतात आणि प्रवासी विमानही येतं. शेजारच्या गावातल्या पोरांना शिकाऊ विमानं रोजची. त्यामुळं इथं मी सरळ स्पायरचं ७४७ काढलं.

राइनकाठच्या स्पायर गावातलं हे लुफ्थान्साचं जुनं जंबो, नाव 'श्लेस्विग-होल्स्टाइन'. नदीतून तराफ्यावरून आणलं. आता लोखंडी खांबांवर वीसेक मीटर उंच, किंचित कलतं बसवलंय. जिन्यानं चढायचं, पोटातला मालाचा भाग बघायचा, पंखावर चालायचं, आणि उतरताना नळीच्या घसरगुंडीतून खाली. मी घसरलो. जावयांनी व्हिडिओ काढला, तो पोरांनी पुन्हा पुन्हा मागितला आणि दर वेळी तेवढंच हसली.

"का जी, याच्यात बसाले पैसे लागते का?"

"तिकीट लागतं. विमान मात्र हलत नाही."

सहावीतल्या एका मुलाचा प्रश्न अख्ख्या दौऱ्यातला सगळ्यात चांगला होता: "इंजिनं काढून घेतली तर इमान मागं नाही पडत?" पडतं! पंखाखालची इंजिनं बरीच पुढं लोंबतात, ती गेली की वजन शेपटीकडे सरकतं आणि नाक वर होऊ शकतं. म्हणून अशा विमानांच्या नाकात वजनं भरतात. ज्यांची इंजिनं शेपटीकडे, त्यांचं उलट. त्या मुलाला मी ट्रंकेतला पत्र्याचा तुकडा देऊन टाकला.

जेवताना मुख्याध्यापक म्हणाले, "सर, एखादं जुनं विमान आपल्या शाळेला नाही का मिळणार?" सगळे हसले, पण ते अर्ज लिहायला बसलेच. मग मीही बसलो. ए३२० धरा. लांबी साडेसदतीस मीटर, पंख ३४ मीटर. रस्त्यानं आणायचं तर पंख उतरवायचे, वाटेतल्या विजेच्या तारा काढायच्या. विकत घ्यायला फारसं लागत नाही. महाग असतात ती इंजिनं, मग चाकांचे पाय, मग यंत्रं. ते सगळं आधीच काढून विकलेलं असतं, उरलेलं धड स्वस्त. आणि बरीच विमानं मुळात कंपनीची नसतातच, भाड्याची असतात, तेव्हा अर्ज मालकाकडे. त्यानंतर खरा खर्च: पाया, छप्पर, दर पावसाळ्यानंतर धुणं, पाणी निघायची भोकं साफ ठेवणं, पाखरांना जाळी. वर्षातून एकदा नाही, कायम. शाळेत शिपायाची जागा रिकामी आहे, हे तिथंच कळलं.

"मग नुसतं नाक मागा," मी म्हटलं. ७०७ चं नाक ठेवणारं संग्रहालय आहे, मग ए३२० चं नाक ठेवणारी शाळा का नको? रुंदी चार मीटरच्या आत. ट्रेलरवर येतं, एका वर्गखोलीत मावतं, छप्पर आपोआप मिळतं.

पुतण्या म्हणाला, "काकाजी, मंग एक आर्वीलेही मागा नं."

अर्जात 'प्रति' च्या पुढची जागा कोरी आहे. मालकाचं नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. पोरांनी सरांकडून खाली दोन अटी लिहून घेतल्या: चालकाच्या दोन्ही खुर्च्या पाहिजेत, आणि बटणं दाबली तर कोणी ओरडायचं नाही.